काटा शून्यावर आहे म्हणून टाकी रिकामी नसते

जून लागला की ग्रँड आयलंडकडे जाणाऱ्या डायव्हिंगच्या बोटी बंद होतात आणि माझं खरं काम सुरू होतं. मी वास्कोत एक फिलिंग रूम सांभाळते. कॉम्प्रेसर, हवेच्या मोठ्या सिलिंडरांची बँक आणि डायव्हिंगवाल्यांच्या रेग्युलेटरांची, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणाऱ्या यंत्रांची, देखभाल असं सगळं माझ्याकडे आहे. पावसाळ्यात दुकानदार गोणी भरभरून सामान आणून टाकतात आणि चवथीच्या आधी तयार पाहिजे म्हणून सांगून जातात. त्या गोणीत सगळ्यात कमी लक्ष दिलेली वस्तू कोणती, तर प्रेशर गेज, म्हणजे टाकीत किती दाब उरलाय ते दाखवणारं काट्याचं मीटर. रेग्युलेटर बिघडला तर फुरफुरतो, पाणी आत घेतो, म्हणजे तो स्वतःच ओरडून सांगतो. गेज बिघडलं तरी काही ना काही आकडा दाखवत राहतं, आणि माणूस तो आकडा खरा धरून पाण्यात उतरतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गेज बदलायला घेतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्यावरचा भरवसा गेलेला असतो. मग त्याच गेजचा काटा शून्यावर बघून पाना लावायचा, हे कसं चालेल? आत दाब उरलेला नाही हे गेजवरून ठरवायचं नाही. आतली हवा आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये एक वाट उघडी असली पाहिजे, त्या वाटेने आवाज यायचा थांबलेला असला पाहिजे, आणि काम संपेपर्यंत ती वाट उघडीच राहिली पाहिजे. तेवढाच पुरावा मी मानते.

आमच्या बोटीवरचे तांडेलकाका गेल्या पावसात एक अर्ध्या लिटरची छोटी टाकी घेऊन आले होते. हल्ली या टाक्या पुष्कळ दिसतात. डोक्यावरच गेज बसवलेलं असतं आणि मध्ये व्हॉल्व्ह नसतो, म्हणजे गेजवर टाकीतला दाब कायम असतो.

“बाय, काटा चालत नाही. नवीन बसवून दे,” काका म्हणाले.

“आधी रिकामी करते.”

“रिकामीच आहे गो. काटा शून्यावर आहे, बघ.”

“काका, हाच काटा चालत नाही म्हणालात ना?”

मी तोंडाकडचं पर्ज बटण, म्हणजे हवा मोकळी सोडायचं बटण, दाबलं. हवा सुटली आणि सुटतच राहिली. काटा शून्यावरून हलला नाही. अर्ध्या लिटरची टाकी २०० बारला भरलेली असेल तर तिच्यात सुमारे १०० लिटर मोकळी हवा मावते. काका काही न बोलता स्टूल ओढून बसले आणि आवाज संपेपर्यंत बसून राहिले. आणखी एक सांगते. या टाक्यांना भरण्यासाठी जे तोंड असतं त्याच्या आत एकेरी झडप असते. त्याचं टोपण काढलं आणि हवा आली नाही, तर त्याचा अर्थ टाकी रिकामी आहे असा होत नाही, झडप चांगली आहे एवढाच होतो. रिकामी करायची ती श्वास घ्यायच्या बाजूने किंवा ब्लीड स्क्रूने, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूने.

धोका किती, याचा साधा हिशोब मांडते. पाव इंची बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे १३ मिलिमीटर. २०० बारला त्या एवढ्याशा गोलावर पावणेतीनशे किलोच्या आसपास जोर येतो. शेवटच्या दोन आट्यांवर लटकलेलं गेज एवढ्या जोराने सुटलं, तर समोर चेहरा आहे की भिंत, हे ते बघत नाही.

आत काय असतं

काच काढलेलं गेज एकदा तरी बघा. आत एक चपटी केलेली, वळवलेली नळी असते. मोठ्या गेजात ती सी अक्षरासारखी वाकलेली असते, जास्त दाबाच्या लहान गेजात तिचे वेटोळे असतात. एक टोक बंद, दुसऱ्या टोकातून हवा आत. दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते, तिचं बंद टोक जरासं सरकतं आणि ती सरक एका दात्याच्या पट्टीवरून बारीक चाकाला जाऊन काटा फिरतो. फ्रान्सच्या यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये या नळीचं पेटंट घेतलं. गाभा अजून तोच आहे.

यातून बिघाडाची सगळी घराणी कळतात. नळी एकदा मर्यादेबाहेर ताणली गेली की पूर्ववत होत नाही, आणि काटा शून्याच्या वर उभा राहतो. दात्यात मीठ गेलं तर काटा अडखळतो किंवा जागच्या जागी बसतो. धक्का लागून काटा आपल्या दांडीवर सरकला तर सगळेच आकडे सारख्या फरकाने चुकतात. नळीलाच तडा गेला तर हवा गेजच्या डब्यात साठते. यातला शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. म्हणूनच चांगल्या गेजच्या पाठीवर किंवा कडेला रबराचं एक छोटं बूच असतं. आत दाब साठला तर ते उडावं आणि काच शाबूत राहावी, यासाठी ते असतं. त्या बुचावर स्टिकर लावू नका, रंग फासू नका, पाणी जाऊ नये म्हणून सिलिकॉन भरू नका. असं भरलेलं गेज माझ्याकडे आलं तर मी ते दुरुस्तीला घेत नाही, बाजूला ठेवते आणि मालकाला नवीन घ्यायला सांगते.

काट्याखाली शून्याजवळ एक बारीक खुंटी असते, तिच्याकडेही बघा. काटा तिच्यावर टेकला की शून्य छान दिसतं. पण काटा दांडीवर सरकून खरं तर शून्याच्या खाली गेलेला असला, तर ती खुंटी ते लपवते. म्हणून नुसतं शून्य बघून गेज पास करायचं नाही. दाब देऊन निदान दोन ठिकाणी बघायचं, एक ५० बारच्या आसपास आणि एक २०० च्या. ५० चं मी मुद्दाम म्हणते. पाण्यातून वर यायचा निर्णय डायव्हर तिथेच घेतो, आणि १० बारची चूक भरल्या टाकीपेक्षा तिथे जास्त महागात पडते.

रोजची देखभाल

गोव्यात गेजचा शत्रू दाब नाही, मीठ आहे. डायव्ह झाल्यावर गोड्या पाण्यात नुसतं बुचकळून काढलं की लोक काम झालं समजतात. गेजवरचं रबरी बूट निदान महिन्यातून एकदा काढा. पहिल्यांदा काढताना आतून पांढरी भुकटी पडेल आणि पितळेवर हिरवा थर दिसेल. कोमट पाणी, मऊ ब्रश, बस. काच बहुतेक वेळा प्लास्टिकची असते. पेट्रोल, थिनर किंवा गंज सोडवायचा स्प्रे लावला तर तिच्यावर जाळीदार चिरा पडतात, आणि चिरा पडलेल्या काचेमागे २०० बार ठेवायचे नसतात. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी वापरत असाल तर एप्रिल-मे मध्ये चाखून बघा. मचूळ लागलं तर धुवायला नळाचं घ्या.

धुताना पहिल्या टप्प्याचं, म्हणजे रेग्युलेटरचा जो भाग टाकीला जोडतात त्याचं, टोपण घट्ट लावलेलं हवं, आणि बादलीत असताना पर्ज बटण दाबायचं नाही. दाबलंत तर पाणी उलट्या वाटेने आत जातं, आणि रेग्युलेटरमधलं पाणी पुढे गेजपर्यंतही पोचू शकतं.

होजवर, म्हणजे रेग्युलेटरपासून गेजकडे जाणाऱ्या लवचिक नळीवर, रबराचा संरक्षक असतो, तो मागे सरकवून खालचं क्रिंप, म्हणजे टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं, बघा. तिथे गंज, फुगवटा किंवा बारीक चीर दिसली की होज गेला. गेजला धरून टाकी उचलायची नाही, होजवर टाकी लोळवायची नाही. बोटीवरच्या पोरांना हे रोज सांगावं लागलं तरी चालेल, सांगा.

काचेच्या आत धुकं धरलेलं दिसलं तर ते उन्हात वाळवून परत वापरायचं नाही. धुकं म्हणजे डब्याची सील गेली, म्हणजे खारं पाणी दात्यांपर्यंत पोचलं. आज काटा चालेल, महिन्याने अडकेल. असं गेज सरळ बाद करा.

बिघाड नसलेला बिघाड

“सकाळी २०० भरली होती, आता १९० दाखवतंय, गेज खराब आहे,” हा निरोप मला सीझनमध्ये सतत येतो. टाकी भरताना तापते. गार झाली की दाब उतरतो. २०० बारच्या टाकीत दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.७ बारचा फरक पडतो, म्हणजे १५ अंश उतरले की १० बार गेलेच. उलट, जीपच्या मागे उन्हात ठेवलेली टाकी भरल्यापेक्षा जास्त दाखवेल. गेजला दोष द्यायच्या आधी टाकी तासभर सावलीत ठेवा आणि मग बघा.

दुसरा घोटाळा एककांचा. २०० बार म्हणजे सुमारे २,९०० पीएसआय आणि २०४ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. अ‍ॅल्युमिनियमच्या नेहमीच्या टाकीवर ३,००० पीएसआय लिहिलेलं असतं, ते २०७ बार होतात. आपल्याकडे बँकेच्या पॅनलवर किलोतलं गेज, रेग्युलेटरवर बारमधलं आणि टाकीवर पीएसआय, असं तिन्ही एकत्र नांदतं. फरक थोडा असला तरी दोन गेजची तुलना करताना आधी डायल वाचा.

आणि एक खूण, जी खरं तर गेजच्या नाही पण गेजवर दिसते. रेग्युलेटरमधून जोराने श्वास घेताना काटा खाली झुकून परत वर येत असेल, तर गेज चांगलं आहे. टाकीचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही किंवा पहिल्या टप्प्याची जाळी तुंबली आहे. पाण्यात उतरण्याआधी गेजकडे बघत चार श्वास घ्यायची सवय याच कारणासाठी लावतात.

रेग्युलेटरवरचं गेज बदलताना

टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. पर्ज बटण दाबून धरा. आवाज पूर्ण थांबला की रेग्युलेटर टाकीवरून उतरवा आणि बाजूच्या टेबलावर न्या. पहिल्या टप्प्याचं तोंड आता उघडं आहे, आणि हीच ती उघडी वाट. टाकीला लावलेल्या रेग्युलेटरवर पाना चालवायचा नाही, व्हॉल्व्ह बंद असला तरी. कुणीतरी मागून येऊन मदत म्हणून तो उघडतो.

पाने दोन लागतात. एकाने गेजची मान धरा, दुसऱ्याने होजची नट सोडवा. एकाच पान्याने ओढलंत तर पीळ होजला बसतो. पकडीने गेजचा डबा धरून फिरवायचं तर मुळीच नाही. डबा पातळ असतो, आतली नळी मानेला झाळलेली असते, आणि तो पीळ सरळ त्या झाळणीवर जातो.

नट सुटली की आत पितळेची किंवा स्टीलची एक बारीक पोकळ पिन दिसेल. आम्ही तिला स्पूल म्हणतो. आकाराने तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठी. तिच्या दोन टोकांना दोन इवल्या ओ-रिंगा असतात, बहुतेक कंपन्यांत ००३ नंबरच्या. गेज होजवर गोल फिरू शकतं ते या पिनेमुळे, आणि गेजच्या मानेपाशी जे बुडबुडे येतात ते दहातल्या नऊ वेळा या दोन रिंगांमुळेच. गेज बदला किंवा नका बदलू, पिन बाहेर आली की रिंगा नव्या घालायच्या. काढायला टाचणी वापरू नका, पिनेवर ओरखडा पडला तर नवी रिंगही गळेल. प्लास्टिकची टोकदार काडी किंवा पितळेचा पिक घ्या. पिन उजेडात फिरवून बघा. मधल्या भागावर खड्डे किंवा हिरवे डाग दिसले तर पिनही नवी.

रिंगेला सिलिकॉन ग्रीस लावा, तेही बोटाला जेमतेम चकाकी येईल एवढंच. ग्रीस जास्त झालं तर वाळू धरतं आणि पिनेचं छिद्र बुजवतं. ४० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजनचं मिश्रण वापरत असाल तर सिलिकॉनही चालत नाही. ऑक्सिजनसाठी बनवलेलं खास वंगण आणि त्या कामासाठी साफ केलेलंच गेज लागतं. मशीन ऑइल, खोबरेल, व्हॅसलीन यांना तर श्वासाच्या हवेच्या टेबलावर जागाच नको.

पिन आधी गेजच्या मानेत सरळ दाबून बसवा, मग होज तिच्यावर आणा. नट पूर्ण हाताने फिरली पाहिजे. अडली तर परत काढा आणि सरळ लावा. शेवटी पान्याने थोडंसं, टेकेपर्यंत. गळती ओ-रिंग थांबवते, घट्टपणा नव्हे. जास्त आवळलं तर गेज फिरायचं बंद होतं आणि सगळा पीळ होजवर जातो.

होजचंच दुसरं टोक बदलायचं असेल तर पहिल्या टप्प्यावर एचपी (हाय प्रेशर, जास्त दाब) लिहिलेलं तोंड शोधा. आजच्या बहुतेक रेग्युलेटरांत त्याचे आटे ७/१६ यूएनएफ असतात आणि कमी दाबाचे ३/८, ते मुद्दाम वेगळे ठेवलेले आहेत. तिथे ०१२ नंबरची ओ-रिंग लागते. नवीन होजच्या त्या टोकात डोकावून बघा, सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. ते कारखान्यातला दोष समजून कुणी मोठं करू नका. होज फाटला तर टाकी एकदम रिकामी होऊ नये, डायव्हरला वर यायला वेळ मिळावा, म्हणून ते बारीक ठेवलेलं असतं.

आता दाब द्यायची वेळ. रेग्युलेटर टाकीला लावा. गेजचा चेहरा भिंतीकडे किंवा जमिनीकडे, पाठ कुणाकडेही नाही. तुमचा स्वतःचा चेहरा बाजूला, डोळ्यांवर चष्मा. व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा, पहिला फुसका आवाज आला की थांबा, होज भरू द्या, मग पुढे. भसकन उघडला तर होजमधली हवा क्षणात दाबली जाऊन तापते आणि गेजच्या नळीला हातोडीसारखा धक्का बसतो. काटा हळू चढून थांबला की मगच गेज वळवून आकडा वाचा.

मग सगळं बादलीत बुडवा. मानेपाशी बुडबुडे आले तर हवा सोडून परत पिन काढायची. काचेच्या कडेने किंवा मागच्या बुचाकडून बुडबुडे आले, एखादाही, तर आतली नळी गळते आहे. व्हॉल्व्ह बंद करा, हवा सोडा, ते गेज परत लावू नका. गळती कुठे आहे हे तळहात किंवा बोट फिरवून शोधायचं नाही. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीखाली हवा घुसवू शकते आणि मग धावत इस्पितळात जावं लागतं. पाणी नाहीतर साबणाचा फेस, या दोनच गोष्टी.

बँक आणि कॉम्प्रेसरवरचं गेज

इथे काम मोठं आणि चूक त्याहून मोठी. बँकेतल्या ५० लिटरच्या एकाच सिलिंडरात २०० बारला १०,००० लिटर हवा असते, आणि पॅनलवरचं गेज त्या सगळ्यांच्या वाटेवर बसलेलं असतं.

कॉम्प्रेसर बंद करा, मेन स्विच पाडा आणि त्याला कुलूप घाला. कुलूप नसेल तर फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. बँकेचे सगळे सिलिंडर एकेक करून बंद करा. पॅनलची ब्लीड, म्हणजे हवा सोडायची वाट, उघडा, आवाज थांबेपर्यंत थांबा आणि ती उघडी ठेवूनच काम करा. पाच मिनिटांनी परत कान लावा. एखादा सिलिंडरचा व्हॉल्व्ह आतून हळूहळू सोडत असेल तर तो याच वेळात कळतो.

कॉम्प्रेसरवर मात्र एक ब्लीड पुरत नाही, आणि नवे लोक नेमके इथे फसतात. हवा दाबायच्या शेवटच्या टप्प्यानंतर बऱ्याच यंत्रांत एकेरी झडप असते आणि फिल्टरच्या पुढे दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. पाणी काढायचे नळ उघडले की झडपेच्या अलीकडची हवा जाते. पलीकडे फिल्टरच्या नळकांड्यात शंभराहून जास्त बार तसेच कोंडून राहतात. फिल्टरची स्वतंत्र व्हेंट असते, ती वेगळी उघडावी लागते. पाइपच्या वाटेने बोट फिरवत जा आणि स्वतःला विचारा: मी जे गेज काढणार ते या दोन झडपांच्या कुठल्या तुकड्यावर बसलं आहे, आणि त्या तुकड्याची उघडी वाट कुठली?

गेज सोडवताना बाजूला उभं राहायचं. पाना गेजच्या चौकोनी मानेवर, दुसरा पाना खालच्या फिटिंगवर. अर्धा आटा सोडवा आणि थांबा. फुस्स झालं तर हात थांबवा, पुढे फिरवू नका आणि घाईने परत आवळूही नका. आट्यांमधून हवा जाऊ द्या, ती पूर्ण थांबली की आधी शोधा ती कुठून आली. कारण ते कळल्याशिवाय दुसरा अर्धा आटा नाही.

आटे

या भागासाठी मी हे सगळं लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल. पाव इंची एनपीटीला (अमेरिकन मापाच्या आट्यांना) इंचाला १८ आटे असतात, पाव इंची बीएसपीला १९. कोनही वेगळा, एकाचा ६० अंश, दुसऱ्याचा ५५. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. एक दुसऱ्यात घातलं तर दोनतीन फेरे सहज जातं, मग घट्ट होतं, आणि लावणाऱ्याला वाटतं छान बसलं. प्रत्यक्षात जोर दोनचार आट्यांच्या टोकांवर आलेला असतो. टेप भरपूर गुंडाळली तर ते गळतही नाही. लहान गेजांत तर हा सापळा आणखी बारीक आहे, कारण १/८ इंची बीएसपीला २८ आणि एनपीटीला २७ आटे.

एका वर्कशॉपने बसवून दिलेलं असं गेज माझ्याकडे तपासायला आलं होतं. मानेभोवती पांढऱ्या टेपचा जाड गठ्ठा होता, हे पहिलं खटकलं. दाब पूर्ण सोडून काढलं तेव्हा फिटिंगच्या तोंडाशी पितळेचा चकचकीत कीस होता, आणि गेजचे पहिले दोन आटे सपाट झाले होते, बाकीचे कारखान्यातून आल्यासारखे कोरे. बाकीचे आटे कधी टेकलेच नव्हते. मालक त्यावर दोन सीझन टाक्या भरत होता.

म्हणून आटे मोजायचा गेज, म्हणजे पात्यांचा जुडगा, घ्या. मडगावात किंवा वास्कोत टूलच्या दुकानात मिळतो, फार महाग नसतो. पातं आट्यांवर ठेवून उजेडासमोर धरा. मध्ये फट दिसली तर ते माप नाही. नवीन गेज आणायला जाताना जुनं गेज सोबत न्या. पण जुनं चुकीचं असू शकतं, म्हणून फिटिंगही मोजून न्या.

निमुळत्या आट्यांना टेफ्लॉन टेप लागते. पहिला आटा मोकळा ठेवून, आवळायच्या दिशेने, दोन-तीन वेढे. पहिला आटा झाकला तर टेपचा चिंधा तुटून आत जातो आणि गेजचं छिद्र बंद करतो, मग काटा शून्यावर आणि आत पूर्ण दाब. समांतर बीएसपी आट्यांना टेप नाही, खाली वॉशर लागतो, धातूच्या कड्यात रबर बसवलेला बाँडेड सील किंवा तांब्याचा. डायल पुढे यावा म्हणून गेज उलटं सोडवून सरळ करू नका, वॉशर बदला किंवा फिरती मान असलेलं फिटिंग लावा.

नवीन घेताना

नेहमीचा दाब गेजच्या पूर्ण मापाच्या तीन चतुर्थांशाच्या आत राहिला पाहिजे, आणि दाब सतत वरखाली होत असेल तर साधारण दोन तृतीयांशाच्या आत. २०० बारच्या बँकेला २५० चं गेज म्हणूनच लावायचं नाही, ४०० चं लावायचं. डायलवर अचूकतेचा वर्ग छापलेला असतो. १.६ म्हणजे पूर्ण मापाच्या १.६ टक्के, ४०० च्या गेजवर ६.४ बार इकडे किंवा तिकडे. हे लक्षात ठेवलं की दोन चांगल्या गेजमध्ये ८ बारचा फरक दिसला तरी घाबरायला होत नाही.

माणूस समोर उभा राहून टाक्या भरतो त्या पॅनलवर सेफ्टी गेजच घ्या. त्यात डायल आणि नळी यांच्यामध्ये भक्कम भिंत असते आणि पाठ उडून जाते. त्याच्या मागे मोकळी जागा सोडा, भिंतीला चिकटवलं तर पाठ उडणार कुठे? कॉम्प्रेसरवर ग्लिसरीन भरलेलं बरं, काटा थरथरत नाही आणि दाते झिजत नाहीत.

वर्षातून एकदा गेज कॅलिब्रेशनला, म्हणजे आकडे ताडून बघायला, द्या, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबमध्ये. देताना कागदावर ठळक लिहा की गेज श्वासाच्या हवेचं आहे, तेल चालणार नाही. बऱ्याच लॅबमध्ये तेलावर चालणाऱ्या टेस्टरवर गेज लावतात. ते तेल वेटोळ्यात राहतं, बाहेर येत नाही, आणि मग तुमच्या हवेत उतरतं. टाकीचा स्वतःचा व्हॉल्व्ह, मान किंवा अंग यांना मात्र घरी हात लावू नका. ते गॅस सिलिंडर रूल्स, २०१६ खाली येतं आणि तपासणीचं काम मान्यताप्राप्त केंद्राचंच. हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या टाकीच्या चाचणीची, तारीख टाकीच्या खांद्यावर ठोकलेली असते, गेज बदलताना तीही वाचून घ्या.

प्रत्येक गेजला मी ऑइल पेंटने नंबर घालते आणि वहीत त्याच्यापुढे तारीख, ५० ला काय दाखवलं, २०० ला काय दाखवलं, एवढंच लिहिते. एकच वाचन काही सांगत नाही, पण एकाखाली एक तीन वर्षांची वाचनं आली की कुठलं गेज सरकतंय ते दिसतं.

बाद केलेलं गेज ड्रॉवरमध्ये ठेवू नका. सीझनमध्ये रात्री कुणाला तरी गेज हवं असतं आणि तो ड्रॉवर उघडतो. व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने त्याचे आटे कापून टाका, मग पितळेच्या भावाने भंगारवाल्याला द्या.